आता कसं आहे?

भाच्याचा फोन आला. त्याच्या नाकाचा पडदा वाकडा आहे हे घरात दोन वर्षांपासून माहीत होतं, आता डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं होतं. म्हणाला, "मावशी, तुझं झालंय ना हे? कसं आहे?"

"चांगलं झालं होतं रे. फार काही त्रास नाही झाला."

"झालं होतं ते आईने सांगितलं. आता कसं आहे, ते विचारतोय."

मी उत्तर द्यायला गेले आणि थबकले. ऑपरेशनला बारा वर्षं होऊन गेली. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी विचारलं, पहिल्या महिन्यात बऱ्याच जणांनी, तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी. त्यानंतर कुणीही विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. फोन कानाला तसाच धरून मी एक नाकपुडी बोटाने दाबली, श्वास घेतला, मग दुसरी दाबली. उजवी मोकळी होती. डावी थोडी जड. याला चांगलं म्हणायचं की वाईट? बारा वर्षांपूर्वीच्या माझ्याशी ताडून पाहिलं तर चांगलं. ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या महिन्यातल्या माझ्याशी पाहिलं तर वाईट. आणि ज्यांना आपल्याला नाक आहे याची दिवसभरात आठवणही होत नाही, त्यांच्याशी ताडायचं तर मला ते जमणारच नाही, कारण तशी मी कधी नव्हतेच.

"दोन दिवस दे मला," मी म्हटलं. "नीट आठवून सांगते."

त्या दोन दिवसांत जे आठवलं आणि जे शोधून वाचलं, ते इथे लिहून ठेवते आहे.

आपण सरसकट म्हणतो, "नाकाचं हाड वाढलंय." मलाही असंच सांगितलं गेलं होतं आणि कित्येक वर्षं माझ्या डोळ्यांसमोर नाकात रोज थोडं थोडं वाढणारं एक हाड होतं. बहुतेकांच्या नाकात असं काही वाढत नसतं. दोन नाकपुड्यांच्या मधे एक भिंत असते, तोच नाकाचा पडदा. तिचा पुढचा भाग कूर्चेचा, चौकोनी, बोटाने हलवता येणारा. मागचा भाग हाडाचा: वरून उतरणारा एक पातळ पत्रा आणि खालून वर येणारं एक हाड, ज्याला व्होमर म्हणतात. लॅटिनमध्ये व्होमर म्हणजे नांगराचा फाळ, आणि त्याचा आकार खरंच तसा असतो. ही भिंत कुणाची जन्मापासून कललेली असते, कुणाची लहानपणी तोंडावर आपटल्यामुळे कलते. अगदी सरळ पडदा असलेली माणसं थोडीच. बाकीच्यांचा थोडाफार वाकडा असतो आणि त्यांना जन्मभर त्याचा पत्ता लागत नाही. म्हणजे नुसता वाकडा पडदा हा आजार नव्हे. हे मला फार उशिरा कळलं. समाधानाची निम्मी गोष्ट इथेच ठरते असं आता वाटतं, कारण पडदा वाकडा असणं आणि श्वास कोंडणं या दोन गोष्टी एकाच माणसात असल्या तरी एक दुसरीचं कारण असतेच असं नाही.

वाक कुठे आहे यालाही फार महत्त्व आहे. नाकपुडीच्या आत, अगदी पुढे, हवेच्या वाटेतली सगळ्यात अरुंद जागा असते. तिला नाकाची झडप म्हणतात. नळीतून संथ वाहणाऱ्या हवेचा हिशेब असा, की नळीची त्रिज्या निम्मी झाली तर त्याच दाबाने पूर्वीच्या सोळाव्या हिश्श्याइतकीच हवा पुढे जाते. नाक काही सरळ नळी नाही, त्यामुळे हा हिशेब तंतोतंत लागू होत नाही. पण पुढच्या अरुंद जागेतला मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा वाक मागच्या मोठ्या बाकापेक्षा जास्त का छळतो, ते यावरून समजतं.

माझा पडदा डावीकडे कललेला होता आणि माझी तक्रार मात्र उजव्या नाकपुडीची होती. डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघून "डावीकडे आहे" म्हटलं तेव्हा मला वाटलं, यांची काहीतरी गल्लत होते आहे. गल्लत नव्हती. नाकाच्या बाहेरच्या भिंतींवर मांसल वेटोळी असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात. त्यांच्यात रक्त भरलं की ती फुगतात, ओसरलं की आकसतात. आणि हे दोन्ही बाजूंना एकाच वेळी होत नाही. काही तास एक बाजू फुगते, मग दुसरी. १८९५ साली रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टरांनी याचं वर्णन केलं. आपल्याकडे चंद्रनाडी आणि सूर्यनाडी हे शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. सरळ पडद्याच्या माणसाला ही पाळी बदललेली कळतही नाही, कारण एक बाजू मंदावली तरी दुसरी असतेच. माझी डावी बाजू कायमची अरुंद. तिची मला जन्मापासून सवय, तिच्याकडून काही अपेक्षाच नव्हती. उजवीवर सगळा भार. त्या उजवीची फुगायची पाळी आली की दोन्ही दारं बंद. म्हणून मला उजवी आठवायची. जी नाकपुडी इतकी वर्षं मला जगवत होती, तिलाच मी दोष देत होते.

लहानपणी मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागलेलं वाक्य म्हणजे "तोंड मिट." वर्गात, घरात, फोटो काढताना. मी मिटायचे आणि थोड्या वेळाने ते आपसूक उघडायचं. ही वाईट सवय आहे असं सगळ्यांना वाटायचं, मलाही वाटायचं. जेवताना मधे थांबून श्वास घ्यावा लागायचा, म्हणून मी हळू जेवणारी. रात्री दोन-तीनदा जाग यायची तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली असायची. पुढे नोकरीत लागल्यावर नाकात घालायच्या थेंबांचा शोध लागला आणि मला वाटलं, सुटले. दोन थेंब, पाच मिनिटं, आणि नाक सताड उघडं. ते थेंब सलग तीन-चार दिवसांपेक्षा जास्त वापरायचे नसतात, नाहीतर त्यांचा अंमल उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. मी ते दोन वर्षं वापरले. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी पहिलं काम केलं ते थेंब सोडवण्याचं. ते तीन आठवडे ऑपरेशनपेक्षा कठीण गेले.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे, कारण मी भुलीत होते. नाकाच्या आतूनच, बाहेर एकही टाका न घालता, पडद्यावरचं अस्तर उचलतात, वाकलेला भाग काढतात किंवा सरळ करून परत बसवतात, अस्तर पुन्हा लावून टाकतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रीअर आणि किलियन यांनी रूढ केलेल्या पद्धतीत वाकडा भाग बराचसा काढूनच टाकत. फार काढलं तर नाकाचा आधार जाऊन वरचा भाग बसायचा. पुढे कॉटल यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांनी शक्य तितकं राखायचं आणि सरळ करायचं यावर भर दिला. आताही वरच्या आणि पुढच्या कडेला साधारण सेंटिमीटरभर रुंदीची पट्टी हात न लावता ठेवतात, कारण नाक तिच्यावर उभं असतं. हे मी मुद्दाम सांगते आहे. डॉक्टर सगळंच्या सगळं सरळ का करत नाहीत, थोडा वाक मागे का राहतो, याचं एक उत्तर त्या पट्टीत आहे.

आठवतं ते नंतरचं. नाकात बोळे, दोन दिवस फक्त तोंडाने श्वास. घोट गिळला की कानात दडे बसायचे. वरचे पुढचे दात बधिर झाले होते, ते महिनाभर तसेच होते आणि मला कुणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून मी घाबरले होते. मग बोळे काढले. ते काढताना वाटलं, की डोळ्यांच्या मागून काहीतरी ओढून काढताहेत. आणि त्यानंतर जो श्वास आत गेला तो गार होता. नाकाच्या पार मागे, घशाच्या वर, जिथे काही जागा आहे हेच मला माहीत नव्हतं, तिथे गार हवा लागली. मी रडले. नर्सने विचारलं, दुखतंय का, आणि मला सांगता येईना.

पुढे आठवडाभराने सूज आली, खपल्या धरल्या आणि नाक पुन्हा बंद झालं. ते सगळ्यांचंच होतं. दिवसातून तीन-चारदा मिठाच्या पाण्याने नाक धुणं, हळूहळू खपल्या सुटणं, आणि दोन-अडीच महिन्यांनी एका सकाळी लक्षात आलं, की आपण रात्रभर उठलेलोच नाही.

तिसऱ्या महिन्यात मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, दहापैकी दहा. आणि तेव्हाच मला विचारलं गेलं. इथेच माझा या सगळ्या प्रकाराशी एक झगडा आहे. २००४ साली अमेरिकेत नाक चोंदण्याचं मोजमाप करण्यासाठी पाच प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. नाक भरल्यासारखं वाटतं का, नाक बंद होतं का, नाकाने श्वास घ्यायला त्रास होतो का, झोपेला त्रास होतो का, श्रम करताना नाकातून हवा अपुरी पडते का. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, बेरजेला पाचाने गुणायचं, शंभर म्हणजे अतोनात त्रास. त्याच वर्षीच्या अभ्यासात ५९ जणांची सरासरी ऑपरेशनआधी ६७.५ होती, तीन महिन्यांनी २३.१ झाली, आणि सहा महिन्यांनीही टिकून होती. खूप चांगला आकडा आहे. पण सहा महिने म्हणजे काय? नाक तर आयुष्यभर वापरायचं असतं.

ऑपरेशन करून उपयोग होतो का, ही शंका मात्र गेल्या काही वर्षांत बरीच फिटली आहे. नेदरलँड्समध्ये २०३ प्रौढांवर झालेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं ऑपरेशन, निम्म्यांवर ऑपरेशनाशिवाय उपचार. वर्षाने ऑपरेशनवाल्यांची तब्येतीची गुणसंख्या (इथे जास्त म्हणजे चांगलं) ७२.२, दुसऱ्यांची ६३.९. ब्रिटनमध्ये ३७८ जणांवर झालेला अभ्यास २०२३ साली आला. त्यात एका गटाला सहा महिने स्टेरॉइडचा आणि मिठाच्या पाण्याचा स्प्रे, दुसऱ्याचं ऑपरेशन. सहा महिन्यांनी त्रासाची गुणसंख्या ऑपरेशनवाल्यांची १९.९ आणि स्प्रेवाल्यांची ३९.५. फरक अगदी स्पष्ट आहे. भाच्याला हे सांगायला मला काहीच संकोच नव्हता.

संकोच होता तो चौथ्या वर्षाबद्दल.

चौथ्या वर्षी माझं नाक परत बंद व्हायला लागलं. आधी थोडं, मग रोज. मी कुणाला सांगितलं नाही. घरच्यांनी रजा काढून माझं केलं होतं, मी सगळ्यांना "नवा जन्म मिळाला" म्हणून सांगत फिरले होते, आता कोणत्या तोंडाने म्हणू की फुकट गेलं? जवळजवळ वर्ष मी गप्प बसले. वर्षभर रोज रात्री अंधारात मनाशी म्हणत होते, आपलंच काहीतरी चुकलं.

स्वीडनमधला एक अभ्यास तेव्हा माझ्या हाती लागला असता तर ते वर्ष वाचलं असतं. १९८९ साली प्रसिद्ध झालेला, ऑपरेशननंतर नऊ महिने आणि नऊ वर्षे अशी तुलना करणारा. नऊ महिन्यांनी ५१ टक्के रुग्ण म्हणाले, नाक अजिबात चोंदत नाही. नऊ वर्षांनी असं म्हणणारे २६ टक्के उरले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला धस्स झालं. मग नीट वाचलं. हा आकडा "अजिबात त्रास नाही" म्हणणाऱ्यांचा आहे. समाधानी किती, हा निराळा प्रश्न. मीही आज त्या २६ टक्क्यांत बसणार नाही. पण म्हणून मी ऑपरेशन वाया गेलं म्हणणाऱ्यांत बसते का?

शेवटी गेले डॉक्टरांकडे. त्यांनी दुर्बीण घातली आणि स्क्रीनवर मला दाखवलं. पडदा सरळ होता, अगदी त्यांनी ठेवला तसा. दोन्ही बाजूंची वेटोळी मात्र फिकट आणि सुजलेली. धुळीची ॲलर्जी. ती आधीही असणार, पण वाकड्या पडद्याच्या कोलाहलात तिचा आवाज कुणाला ऐकू आला नव्हता. पडदा सरळ करणाऱ्या ऑपरेशनने ॲलर्जी जात नाही. त्यांनी हे मला ऑपरेशनआधी सांगितलं होतं का? सांगितलं असावं. मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांनी स्टेरॉइडचा स्प्रे दिला, आणि तो कसा मारायचा ते शिकवलं: उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डावीत उजव्या, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या भिंतीकडे जातो. दीड महिन्यात नाक बऱ्यापैकी सुटलं. आजही धुळीच्या दिवसांत मी तो वापरते.

कारणं सगळ्यांची माझ्यासारखी नसतात. कूर्चेला जुन्या आकाराची ओढ असते, ती सरळ केली तरी हळूहळू परत वळू शकते, विशेषतः पुढच्या कडेची. वयाबरोबर नाकाचा शेंडा खाली झुकतो आणि झडप अरुंद होते. क्वचित आत जखमेचे पापुद्रे एकमेकांना चिकटतात. माझ्या एका सहकारी बाईंचा पडदा सरळ झाला, पण दीर्घ श्वास घेतला की नाकपुडीची भिंतच आत ओढली जायची. त्यांचं दुखणं पडद्याइतकंच झडपेचं होतं आणि पहिल्या ऑपरेशनमध्ये झडपेला कुणी हात लावला नव्हता. पाच वर्षांनी कूर्चेचे आधार घालून दुसरं ऑपरेशन झालं, तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं. ती मधली पाच वर्षं त्यांना सगळे म्हणत, "रिपोर्ट तर चांगला आहे, आता हे मनाचं आहे." ओळखीतल्या एकांनी घोरणं थांबावं म्हणून करून घेतलं आणि घोरणं थांबलं नाही. झोपेत श्वास अडकण्याचा विकार असेल तर नुसत्या नाकाच्या ऑपरेशनने तो जात नाही. ते आजही नाराज आहेत, आणि त्यांची नाराजी खोटी नाही. त्यांनी जे मागितलं होतं ते त्या ऑपरेशनपाशी नव्हतंच.

"हे मनाचं आहे" या वाक्याची मला चीड आहे, म्हणून थोडं विषयांतर. नाकातून किती हवा जाते हे यंत्राने मोजता येतं. पण यंत्राचा आकडा आणि माणसाला वाटणारा मोकळेपणा यांचं बऱ्याचदा जुळत नाही. पुदिन्याचा अर्क हुंगला की नाक उघडल्यासारखं वाटतं आणि यंत्र म्हणतं, काहीही बदललेलं नाही. कारण हवा आत गेली हे आपल्याला कळतं ते मुख्यतः तिच्या गारव्यावरून. अस्तरातल्या चेतातंतूंवर थंडावा ओळखणारा एक ग्राहक (रिसेप्टर) असतो, टीआरपीएम८ नावाचा, आणि पुदिन्यातला मेंथॉल नेमका त्यालाच डिवचतो. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन या दोघांनी आपापल्या प्रयोगशाळेत तो मेंथॉल वापरूनच शोधला. तापमान आणि स्पर्श यांच्या ग्राहकांवरच्या कामासाठी दोघांना २०२१ सालचं नोबेल मिळालं. म्हणजे वाट मोकळी असणं आणि ती मोकळी आहे असं जाणवणं या शरीरातल्याच दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला जाणवत नाही त्याला "मनाचं आहे" म्हणून परत पाठवू नका. बोळे काढल्यावर मला जे रडू आलं, ते त्या गारव्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी जुनी फाइल काढली. त्यात दोन कागद सापडले जे मी विसरूनच गेले होते. तेच पाच प्रश्न, माझ्या अक्षरात. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात: ८०. तीन महिन्यांनी: १५. मी तिसरा कागद घेतला, प्रश्न उतरवून काढले आणि गेल्या महिन्याचा विचार करून प्रामाणिकपणे गुण दिले. ३५.

मी खूप वेळ त्या पहिल्या कागदाकडे बघत बसले. झोपेच्या प्रश्नाला मी चार दिले होते, चारपैकी चार. मला ते आठवत नव्हतं. तोंड कोरडं पडायचं हे लक्षात होतं, पण ते किती होतं, ते कसं वाटायचं, ते पुसलं गेलं होतं. पंधराची आठवण मात्र लख्ख होती, आणि मी इतकी वर्षं स्वतःला त्या पंधराशी ताडून दुःखी होत होते. ऐंशी माझ्या हिशेबातून कधी गळाले ते कळलंच नाही. नवऱ्याला विचारलं, मी रात्री कशी झोपते? तो म्हणाला, "तोंड मिटून. कित्येक वर्षं झाली. आधी मला तुझ्या श्वासाच्या आवाजाने जाग यायची. पहिले काही महिने तर तो आवाज नाही म्हणून जाग यायची." हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं.

भाच्याला फोन केला. ऐंशी, पंधरा, पस्तीस, तिन्ही आकडे सांगितले आणि म्हटलं, मी परत एकदा निर्णय घ्यायचा असता तरी हाच घेतला असता. आधी ॲलर्जीची तपासणी करून घे. वाक कुठे आहे, पुढे की मागे, आणि झडपेचं काय, हे डॉक्टरांना नीट विचार. तुला नेमकं काय सुटायला हवंय ते स्वतःशी स्पष्ट कर. पळताना दम पुरायला हवाय, की झोप हवीय, की डोकेदुखी जायला हवीय, कारण यातलं प्रत्येक त्यांच्या हातात असेलच असं नाही. चौथ्या वर्षी कमी झालं तर गप्प बसू नकोस, जा आणि दाखव.

"आणि एक कर," मी म्हटलं. "हे पाच प्रश्न पाठवते. ऑपरेशनच्या आधी भर, खाली तारीख घाल. एक प्रत मला पाठव. तू विसरशील."

त्याने त्याच रात्री भरून फोटो पाठवला. शेवटच्या प्रश्नापुढे त्याने आधी तीन लिहून खोडले होते आणि चार केले होते. एकूण ८५. मी तो छापून घेतला आणि माझ्या तीन कागदांच्या मागे फाइलला लावला.